कोयनेचा भूकंप आणि पाताळाचा शोध



११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची महत्ता ६.३ होती, दीडशेहून अधिक माणसे दगावली. दख्खनचा कातळ अचल आहे, अशी तोपर्यंत जाणत्यांचीही समजूत होती. ती त्या पहाटे ढासळली.

१९६२ पासून शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि पाठोपाठ लहान धक्के जाणवू लागले होते. यावरून “धरणाने भूकंप केला” असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. खडकांतील ताण मुळातच युगानुयुगे साठलेला असतो. पाणी केवळ निमित्त होते. जलाशयाचे वजन खालच्या खडकांवर पडते, हे उघडच आहे. परंतु अधिक महत्त्वाचे कार्य मुरणारे पाणी करते. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब भेगेच्या दोन्ही बाजूंना परस्परांपासून दूर लोटतो. त्यामुळे त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे घर्षण उणावते आणि ताणलेला खडक सरकतो. वंगण घातल्याची उपमा वर्गात सोयीची वाटते खरी, पण दाबाची गोष्ट तिच्यात हरवते. पावसाळ्यात जलाशय भरला की त्यानंतर तेथील धक्के वाढतात, ही नोंदही याच कारणाकडे बोट दाखवते.

येथील बहुतेक भूकंप सुमारे २० गुणिले ३० किलोमीटरच्या टापूत व उथळ खोलीवर होतात. म्हणून त्यांच्या उगमापर्यंत पोहोचण्याचा विचार पुढे आला. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कराड येथे प्रयोगशाळा उभारली व २०१७ पर्यंत सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर खोदले. त्यात काळ्या बेसाल्टचा थर सव्वा किलोमीटरच्या सुमारास संपला. हा थर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याखाली लागला तो थेट कित्येक पटींनी पुरातन ग्रॅनाइट. ज्याला सह्याद्रीचा पाया मानावे, तो कातळ म्हणजे वरचे पांघरूणच ठरले!

“पुढचा भूकंप केव्हा?” असे मुले विचारतीलच. दिवस व वेळ सांगणारे शास्त्र आजही सिद्ध झालेले नाही, हे शिक्षकाने त्यांना निःसंकोच सांगावे. मात्र वर्गातील जड कपाट भिंतीस घट्ट बांधलेले आहे काय, आणि धक्का बसताच बाकाखाली शिरून, तो थांबताच पटांगणात जाण्याचा सराव मुलांना आहे काय, हे पाहण्यास त्या शास्त्राची वाट पाहावी लागत नाही.