सभेतील विषयांतर
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



सभेत कसे बोलावे यावर आम्ही चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा काही मंडळींस हसू आले असेल. विषय सोडून बोलण्यात आमचा हात धरील असा गृहस्थ या सभागृहात बहुधा दुसरा नाही. मुलांच्या निबंधाच्या वह्यांत तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारण्यात आमचे आयुष्य गेले; पण तो शेरा स्वतःस लावून पाहण्याची बुद्धी फार उशिरा झाली. ती कशी झाली तेच आज सांगावयाचे आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. विद्यार्थी-साहाय्य समितीची सभा रविवारी सकाळी दहा वाजता भरली. कार्यक्रमपत्रिकेवर विषय चारच. चौथा विषय असा की, ज्ञातीतील एका मुलीस परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला असून तिच्या शुल्काचा पहिला हप्ता संघाने कर्जाऊ द्यावा. मुदत बुधवारपर्यंतची होती. वडील रिक्षा चालवितात. बापलेक दोघेही बाहेरच्या बाकावर येऊन बसली होती.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून झाले. त्यात हळदीकुंकवाच्या खर्चाचा उल्लेख होता. त्यावरून एका सभासदांनी आचाऱ्याच्या बिलाची गोष्ट काढली. आचाऱ्यावरून गोष्ट स्वयंपाकघरावर गेली, स्वयंपाकघरावरून गळणाऱ्या गच्चीवर गेली, आणि गच्ची बांधली तेव्हा कोणी किती वर्गणी दिली यावर दोन वयोवृद्धांची खडाजंगी उडाली. ती मिटविण्यासाठी आम्ही उठलो. उठलो ते संघाच्या वसतिगृहाचा समग्र इतिहास सांगूनच खाली बसलो. पंचवीस मिनिटे लागली. भाषण चांगले झाले, असे त्या वेळी आम्हांस वाटले. दोघांतिघांनी तसे म्हटलेही. तोवर साडेबारा वाजून गेले होते. एकेक सभासद जेवणासाठी उठू लागला, गणसंख्या उरली नाही आणि चौथा विषय पुढील सभेवर गेला. आम्ही बाहेर आलो तसे मुलीचे वडील उठून उभे राहिले व म्हणाले, “गुरुजी, झालं ना काम?”

बुधवारी सायंकाळी आम्ही चौघांनी पदरचे पैसे जमविले. पण मुदत दुपारीच संपली होती. मुलीस पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. मधले वर्ष तिने एका दुकानात हिशेब लिहिण्यात काढले. त्या दिवशी सभेत कोणी कोणास अपशब्द बोलला नव्हता, किंवा कोणाच्या मनात तिचे वाईट करावे असेही नव्हते.

पगारी कचेरीत वरिष्ठ दटावतो आणि कनिष्ठ गप्प बसतो. आपल्या संघात तसे नाही. येथे प्रत्येकजण आपला रविवार मोडून, स्वखर्चाने येतो. अशा माणसास ‘आपण विषय सोडला’ असे सांगावयास अध्यक्षांची जीभ रेटत नाही, आणि चिटणीस वयाने लहान असेल तर त्याने काकांना थांबवावे कसे? ही भीड स्वाभाविक आहे. पण जो सभासद कार्यक्रमपत्रिका वाचून ‘यात आपल्या कामाचे काही नाही’ म्हणून घरी राहिला, त्याची भीड कोण धरणार? पत्रिकेत नसलेला विषय काढून त्यावर ठराव करणे म्हणजे त्याच्या गैरहजेरीत त्याचे मत लाटणे होय. प्रत्येक सूचनापत्राच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी ओळ असते. तीतील ‘परवानगी’ हा शब्द आपण वाचतच नाही.

येथे कोणी म्हणेल, गच्ची गळते हे काय खोटे होते? मुळीच नाही. विषयांतर झालेला विषय क्षुद्रच असतो असे नव्हे. राष्ट्रीय सभेच्या १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजी यांनी स्पष्ट केले होते की, ज्या प्रश्नांत सर्व राष्ट्राचा सारखा संबंध आहे तेच प्रश्न सभेने हाती घ्यावेत. सामाजिक सुधारणेचे प्रश्न ज्या त्या समाजाकडे सोपवावेत. विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण हे विषय क्षुद्र म्हणून त्यांनी दूर ठेवले नव्हते. म्हणूनच न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी १८८७ पासून सामाजिक परिषद वेगळी, पण राष्ट्रीय सभेस जोडून भरविली. १८९५ साली पुण्यास अधिवेशन आले तेव्हा परिषदेस सभेचा मंडप देण्यास टिळकपक्षाने कडाडून विरोध केला. रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला आणि परिषद स्वतंत्र मंडपात भरविली. मंडप सोडला, विषय सोडला नाही. त्या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता यात आम्ही आता शिरलो, तर तेही विषयांतरच होईल.

आमच्या समितीने यावरून एक साधी व्यवस्था केली आहे. चिटणीसांजवळ एक वेगळी वही असते. सभेत कोणी पत्रिकेबाहेरचे काही काढले की ते बोलणाऱ्याच्या नावानिशी वहीत उतरते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात किंवा पुढील पत्रिकेवर त्यास जागा मिळते. आपले म्हणणे लिहिले गेले असे दिसले की बहुतेक माणसे समाधानाने खाली बसतात. रागावून निघून गेलेला गृहस्थ एकच, तोही पुढील सभेस आला. गच्चीच्या विषयास याच वहीतून एक स्वतंत्र रविवार मिळाला आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती दुरुस्त झाली. मुदतीचे अर्ज आता पहिल्या क्रमांकावर घेतले जातात. काकांना थांबविण्याचा प्रश्नही सुटला: चिटणीस तोंडाने काही बोलत नाहीत, चालू विषयाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी वक्त्यापुढे ठेवितात. पहिली चिठ्ठी कोणापुढे आली हे सांगावयास नको.

आज दुपारच्या पंगतीच्या व्यवस्थेविषयीही थोडे बोलावयाचे मनात होते. परंतु चिटणीस खिशात हात घालताना दिसत आहेत. ते वहीत लिहून घ्यावे, अशी त्यांस विनंती आहे.