गर्द आणि मेंदू
(व्याख्यानाचा मजकूर)



‘मनावर घेतले तर व्यसन सुटेल,’ असे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्या मेंदूच्या बळावर निर्धार करावयाचा, तो मेंदूच मादक पदार्थाने ग्रासलेला असतो, याचा त्यात विसर पडतो. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत शिरलेले ‘गर्द’, म्हणजेच अशुद्ध हेरॉईन, हे याचे ठळक उदाहरण होय.

हेरॉईन अफूपासून सिद्ध होते आणि मेंदूत पोहोचताच त्याचे मॉर्फिन होते. मेंदूतील पेशींवर या द्रव्याला नेमके बसण्याच्या जागा आहेत, हे १९७३ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले. खसखशीच्या बोंडातील चिकासाठी निसर्गाने माणसाच्या मेंदूत अशी सोय का करावी? त्याचा उलगडा १९७५ मध्ये झाला. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी दाखविले की, वेदना शमविणारी अशी द्रव्ये मेंदू स्वतःच तयार करतो. गर्द ही त्यांचीच जागा बळकावते.

अन्न, पाणी, आप्तांचा सहवास यांतून मिळणारे समाधान ‘पुन्हा कर’ असे मेंदूला शिकविते. डोपामिन हे द्रव्य त्या शिकवणुकीचे माध्यम. गर्दमुळे डोपामिनचा असा लोंढा येतो की, त्यापुढे भूक, शाळा, संसार सारेच फिके पडते. पुढे पेशी या माऱ्याला सरावतात. तोच परिणाम मिळण्यास अधिक मात्रा लागते आणि पदार्थ न मिळाल्यास दाबून धरलेली यंत्रणा उसळून उठते. अंग ठणकते, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी मंडळी यालाच ‘टर्की’ म्हणतात. आता सेवन सुखासाठी उरत नाही, यातना टाळण्यासाठी होते. विवेकाचा लगाम ज्याच्या हाती, तो मेंदूचा पुढील भागही दुबळा होतो.

टर्की काही दिवसांत ओसरते. स्मृती मात्र ओसरत नाही. जुना मित्र, ओळखीचा कोपरा, चांदीचा कागद एवढ्यानेही तृष्णा जागी होते. येथेच मोठा धोका आहे. काही काळ दूर राहिलेल्या माणसाची सहनशक्ती घटलेली असते. त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावून प्राण जाऊ शकतो. उपचारांनंतर किंवा तुरुंगातून घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच घरच्यांनी विशेष जपावयाचे असतात. मात्रा अधिक झाल्यास नॅलोक्सोन हे औषध वेळेवर मिळाले तर श्वास परत येऊ शकतो. तेव्हा रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको.

ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन ही औषधे वैद्यकीय देखरेखीखाली मेंदूला स्थिरता देतात. समुपदेशन आणि कुटुंबाची साथ जीवनाला दिशा देते. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने माणसे या विळख्यातून बाहेर येऊ शकतात, हे दाखवून दिले आहे. १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदाही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास विशिष्ट परिस्थितीत खटल्यापासून संरक्षण देतो.

व्यसन पुन्हा जडले, म्हणजे माणूस कायमचा हरला असे नव्हे. मधुमेहाच्या रोग्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढीत नाही. त्याचे औषध बदलतात, पथ्य सांभाळतात. व्यसनी माणसालाही तोच न्याय मिळावा. त्याच्यासाठी घराचे दार उघडे राहणे, हाही उपचाराचाच एक भाग आहे.