भांडण घड्याळाचं



भुसावळात येऊन रेल्वेवर बोलायचं म्हणजे अंमळ धाडसच. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी हातात झेंडी धरली असेल, नाहीतर धरणाऱ्याचा डबा भरून दिला असेल. तेव्हा चुकेल तिथे जरूर अडवा, पण गाडी आधी यार्डाबाहेर तर निघू द्या.

२०२४च्या फेब्रुवारीतली मुंबईची गोष्ट. मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा अपघाती मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याचे बरेच सहकारी अंत्यविधीला गेले आणि मोटरमननी जादा काम करायला नकार दिला. कोणी संप पुकारला नव्हता, घोषणा नव्हत्या, की रुळांवर कोणी बसलं नव्हतं. नेमून दिलेली ड्यूटी करू, ओव्हरटाइम करणार नाही, एवढंच म्हणणं. तेवढ्याने लोकलच्या फेऱ्यांमागून फेऱ्या रद्द झाल्या आणि ठाणे-डोंबिवलीच्या फलाटांवर माणसं खोळंबली.

लोकांना मोटरमनचा राग आला. यायचाच. पण मला त्या दिवसात दिसतं ते वेगळं. ज्या वेळापत्रकाला आपण रेल्वेचं वेळापत्रक म्हणतो, ते नेमलेल्या माणसांच्या नेमलेल्या तासांत बसतच नव्हतं. जो माणूस भरलेलाच नाही, त्याचे तास हजर असलेला माणूस भरत होता. रेल्वेतली कमतरता म्हणूनच प्रवाशाला दिसत नाही. बँकेत रिकामी खुर्ची दिसते, शाळेत मास्तर नसलेला वर्ग दिसतो. इथे गाडी येते, जाते, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. रेल्वेतले तंटे वरून पगाराचे दिसतात. आत शिरलं की ते बहुधा तासांचे निघतात. आज मला एवढंच मांडायचं आहे.

हे भांडण आजचं नाही. १८९९च्या मे महिन्यात जीआयपी रेल्वेच्या सिग्नलरांनी, म्हणजे आपल्या तारबाबूंनी, संप केला. मागण्या पगाराच्या होत्या, तशा कामाच्या वेळेच्याही. टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने तो प्रश्न महिनोन्‌महिने लावून धरला, फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छांसारखी मंडळी सभांना आणि निधीला पुढे आली. गिरणी कामगारांच्या तासांच्या कायद्यावर याच पुढाऱ्यांचं मत सावध असायचं, कारण गिरण्या आपल्या माणसांच्या होत्या. रेल्वे गोऱ्या कंपनीची, तेव्हा तारबाबूंची बाजू घेणं सोपं होतं. असो.

तासांचं गणित कुठे ठरतं, ते आता जरा जवळून बघू. रेल्वेत कामाची वर्गवारी आहे. काही काम ‘इंटेन्सिव्ह’, काही ‘कंटिन्युअस’, काही ‘इसेन्शियली इंटरमिटंट’. ईआय म्हटलं की इथल्या सगळ्यांना कळेल. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या निवाड्याने या व्यवस्थेला आकार दिला, पुढे १९८९च्या रेल्वे कायद्यातही ती आली. आठवड्याची कमाल मर्यादा इंटेन्सिव्हला ४५ तास, कंटिन्युअसला ५४ आणि ईआयला ७५. ईआय कोण? ज्याच्या ड्यूटीत निम्मा वेळ तरी ‘निष्क्रिय’ जातो, आणि त्यात सलग एक तासाचा एक किंवा अर्ध्या तासाचे दोन मोकळे तुकडे असतात, तो.

फाटकावरचा गेटमन घ्या. स्टेशनातून फोन येतो, प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण होते, तो नंबर वहीत लिहायचा, फाटक लावायचं, कुलूप घालायचं. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतो, मोटारसायकलवाला दांड्याखालून वाकून निघतो, त्याला शिव्या घालायच्या. मग झेंडी घेऊन उभं राहायचं, जाणारी गाडी नजरेने तपासायची, कुठे धूर, कुठे काही लोंबतंय का ते बघायचं, फाटक उघडायचं. पुढची गाडी चाळीस मिनिटांनी. ती चाळीस मिनिटं निरीक्षकाच्या तक्त्यात ‘निष्क्रिय’ म्हणून पडतात. गेटमन त्या वेळात घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, फोनपासून हलू शकत नाही. पण काम करत नाही, असं कागद म्हणतो. एवढ्याने त्याची पाळी बारा तासांची होते. आठ तासांच्या पाळीला फाटकामागे तीन माणसं लागतात, बारा तासांच्या पाळीला दोन. एका वर्गवारीत प्रत्येक फाटकामागे एक माणूस वाचला. ही बचत करणाऱ्याला कुणालाही कामावरून काढावं लागत नाही, म्हणून तिची बातमीही होत नाही.

आणि दोन माणसं म्हणजे कागदावर दोनच नसतात. साप्ताहिक सुट्टीसाठी रेस्ट गिव्हर लागतो, रजेसाठी लीव्ह रिझर्व्ह लागतो. पदं रिकामी राहिली की पहिला घास या दोघांचाच जातो. फाटक बंद ठेवता येत नाही. तेव्हा बंद होते ती रजा. बहिणीच्या लग्नाला रजा मागितली आणि ‘रिलीव्हर नाही’ असं उत्तर मिळालं, हा अनुभव या सभागृहात किती जणांचा असेल, हात वर करायला सांगत नाही.

आता इंजिनात चढू. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, कोळसा लागे, आग साफ करून राख काढावी लागे. ते थांबे इंजिनासाठी होते. पण ड्रायव्हर आणि त्याच्या दोन फायरमनना तेवढ्यात पाय मोकळे करता येत, भाकरी खाता येत असे. डिझेल आलं. थांबे गेले, एक माणूसही गेला. इंजिनाला पाणी लागत नाही म्हणून माणसालाही लागत नाही, असा हिशेब कुणी लिहून ठेवला नव्हता, पण झाला तसाच. गाडी लांब पल्ल्याची झाली, सलग ड्यूटी चौदा-सोळा तासांवर जाऊ लागली. यातूनच सत्तरच्या दशकातला लोको रनिंग स्टाफचा असंतोष वाढला. मान्यताप्राप्त फेडरेशन आपलं ऐकत नाहीत म्हणून त्यांनी वेगळी संघटना केली, काम थांबवलं, आणि १९७३च्या ऑगस्टमध्ये रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्याकडून दहा तासांच्या ड्यूटीचं आश्वासन मिळवलं. आश्वासन पाळायचं तर जादा क्रू भरायला हवे होते. ते भरले गेले नाहीत, आणि चीड आणखी वाढली.

मग १९७४. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष. १९६७ला त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, ते पाटीलही रेल्वेमंत्रीच होते. रेल्वेशी जॉर्जचं वैर-सख्य असं जुनं. तिसऱ्या वेतन आयोगाने निराशा केली होती, महागाई भडकली होती, बोनस हवा होता, आठ तास हवे होते. संप ८ मे रोजी सुरू व्हायचा, तर २ मेलाच जॉर्जना लखनौत अटक झाली. १७ लाख कामगारांच्या नावाने पुकारलेला तो संप २७ मेपर्यंत चालला. हजारो जण मिसा आणि डीआयआर या कठोर कायद्यांखाली आत गेले, रेल्वे कॉलन्यांतून कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढण्यात आलं, गाड्या हाकायला टेरिटोरियल आर्मी आली. मध्येच १८ मे रोजी पोखरणला अणुचाचणी झाली आणि संप वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून खाली सरकला. राष्ट्रपती भवनात त्या वेळी व्ही. व्ही. गिरी होते, तरुणपणी बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना उभारणारे गिरी! त्या खुर्चीतून त्यांना हे सगळं कसं दिसलं असेल, याचं कुतूहल मला अजून आहे.

संप मोडला. सरकारची बाजूही नीट मांडायला हवी. कोळसा विजेच्या कारखान्यांपर्यंत आणि धान्य गोदामांपर्यंत पोचलं नसतं तर आधी मेला असता तो गरीबच. हे म्हणणं खोटं नव्हतं. पण वाटाघाटी चालू असताना पुढाऱ्याला उचलणं हा धान्य पोचवण्याचा मार्ग नव्हे. सरकारला संप टाळायचा नव्हता, मोडायचा होता, असं माझं मत आहे.

पुढे काय झालं? १९७७ला आपल्या कोकणचे मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेले कामगार परत घेतले गेले. १९७९ला बोनसही मिळाला. म्हणजे हरलेल्या संपातली पैशाची मागणी पाच वर्षांत पदरात पडली. तासांची मागणी मात्र पन्नास वर्षांनंतरही तिथेच आहे. पैसा एकदा खिशातून गेला की सुटला. तास द्यायचे तर माणसं भरावी लागतात, आणि भरलेला माणूस निवृत्तीपर्यंत, पेन्शनसकट, खात्यावर राहतो. अर्थखातं याला का घाबरतं ते कळण्यासारखं आहे.

तिथून पुढची दिशा उलटीच राहिली. १९९०च्या सुमाराला रेल्वेत साडेसोळा लाख माणसं होती, आज सुमारे बारा लाख आहेत. मालवाहतूक आणि गाड्या मात्र वाढल्या. यातली काही घट रास्त आहे. तिकिटाचा पुठ्ठा, वाफेचं शेड, ही कामंच उरली नाहीत. पण २०२३ला संसदेत दिलेल्या उत्तरात गट ‘क’ची सुमारे अडीच लाख पदं रिकामी होती, ती कामं उरली नाहीत म्हणून रिकामी नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच, सरकारी खात्यातच घडतं असं कुणी म्हणेल. म्हणून थोडं अमेरिकेत जाऊन येऊ; तिथे मालगाड्या खाजगी कंपन्या चालवतात. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी गाड्या लांबलचक केल्या आणि सहा वर्षांत सुमारे ४५ हजार माणसं कमी केली, असं तिथल्या नियामक मंडळाच्या अध्यक्षांनीच २०२२ला सांगितलं. उरलेल्यांवर हजेरीचे कडक नियम आले. त्या वर्षी १ लाख १५ हजार कामगारांचा तंटा संपाच्या उंबरठ्यावर पोचला. पाच वर्षांत मिळून २४ टक्के पगारवाढ द्यायला कंपन्या तयार झाल्या, आणि तरी चार संघटनांनी करार फेटाळला. का? आजारपणाची भरपगारी रजा नव्हती. डॉक्टरकडे जायचं तर दिवस आधी ठरवावा लागे, कारण बदली माणूस उरलाच नव्हता. प्रकरण संसदेत गेलं, आणि सात दिवसांच्या रजेची दुरुस्ती सेनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ मतांनी पुढे होती, पण लागणारी ६० मतं पडली नाहीत. २ डिसेंबरला अध्यक्ष बायडेन यांनी संप रोखणाऱ्या कायद्यावर सही केली. स्वतःला कामगारांचा मित्र म्हणवणारा माणूस! पगार देऊ, वेळ देणार नाही, हे खाजगी कंपनीलाही कळतं.

परत घरी येऊ. आज लोको पायलटची सलग गाडी चालवण्याची मर्यादा कागदावर नऊ तास आहे, साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत अकरा. ‘कागदावर’ हा शब्द मी उगाच वापरत नाही; गाडी मधल्या स्टेशनात अडकली आणि बदली क्रू लॉबीत, म्हणजे क्रूच्या हजेरीच्या खोलीत, नसला की ती मर्यादा विनंतीवर येते. पूर्वी रात्री कॉलमन सायकलवरून कॉलनीत येऊन वहीत सही घ्यायचा, आता मोबाइलवर मेसेज येतो. कॉलमनला निदान ‘साहेब झोपलेत’ म्हणता यायचं. २०२४च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेवरच्या काही लोको पायलटांनी साप्ताहिक विश्रांती ४६ तासांची हवी म्हणून आग्रह धरला. हेडक्वार्टरला परतल्यावर मिळणारे १६ तास वेगळे आणि आठवड्याचे ३० तास वेगळे, असा त्यांचा अर्थ. प्रशासन १६ तास ३० तासांतच धरतं. प्रत्येक माणसामागे आठवड्याला सोळा तास, म्हणजे हजारो माणसांचा प्रश्न. २०२५च्या एप्रिलमध्ये जेवण आणि लघवी यांसाठी नियमाने विश्रांती ठरवून देणं शक्य नाही, असं रेल्वे बोर्डाने कळवलं. वाफेचं इंजिन तेवढं तरी देत होतं.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. रनिंग स्टाफला किलोमीटरवर भत्ता मिळतो. घराचा हप्ता, मुलांचं शिक्षण त्या किलोमीटरवर बेतलेलं असतं. म्हणून ‘तास कमी करा’ म्हणणाऱ्या सभेला टाळ्या वाजवणारा माणूस दुसऱ्या दिवशी लॉबीत जादा ट्रिप मागतो. त्याला ढोंगी म्हणू नये. पण प्रशासन नेमकं याच गाठीवर उभं आहे, आणि संघटनांना ती सोडवता आलेली नाही.

जानेवारी २०२४मध्ये असिस्टंट लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली. १७ जूनला रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर आदळली. सिग्नल सकाळपासून बिघडलेला, ड्रायव्हरच्या हातात दिलेल्या परवानगीच्या कागदावर वेगमर्यादा नाही. तरी काही तासांतच दोष मृत चालकावर टाकून झाला. सुरक्षा आयुक्तांनी पुढे त्या कागदाकडे आणि अपुऱ्या प्रशिक्षणाकडे बोट दाखवलं. अपघाताच्याच आठवड्यात त्या भरतीतल्या जागांचा आकडा १८,७९९ झाला. पाच महिन्यांत तेरा हजार माणसं अचानक कमी पडली नव्हती. ती आधीच कमी होती, त्यांचे तास कोणीतरी भरत होतं. आणि बाहेर रांग केवढी, तर २०१९च्या एनटीपीसी, म्हणजे रेल्वेच्या बिगर-तांत्रिक पदांच्या, भरतीला ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आले, आणि २०२२ला निकालाच्या घोळावरून बिहारमध्ये पोरांनी गाड्या जाळल्या. दाराबाहेर सव्वा कोटी उभे आणि आत ओव्हरटाइम. परीक्षा, निकाल, मेडिकल, मग ट्रेनिंग सेंटर, मग असिस्टंटची काही वर्षं, तेव्हा कुठे एक पोरगा उजव्या सीटवरून डाव्या सीटवर येतो. तोवर लॉबीतला तक्ता आहे तसाच चालणार.

प्रश्न घेतो आता. रनिंगवाल्यांना आधी विचारू द्या, त्यांना मध्येच कॉल येईल.