संगणकाच्या पोटांतील नोंदवही

तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या रासायनिक कारखान्यांत रात्रपाळीचा चालक झडप फिरवितो, तेव्हां फिरविल्याची वेळ, आधींचा दाब आणि नंतरचा दाब असें सर्व नोंदवहींत उतरवितो. सकाळच्या पाळीचा माणूस यंत्राकडे पाहण्यापूर्वीं ती वही पाहतो. बोईसर-तारापूरच्या माणसाला ही शिस्त नवी नाहीं. येथील अणुविद्युत् केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालीं चालू झाल्या, तेव्हांपासून या टापूंतील कित्येक घरांना तिचें वळण आहे. नवल एवढेंच कीं, कारखान्यांत वहीशिवाय कळ न फिरविणारा हाच गृहस्थ घरच्या संगणकापुढें बसला म्हणजे वही पार विसरतो.

विंडोज या कार्यप्रणालीला ओटी आहे, तसें माजघरही आहे. पडद्याचा रंग, अक्षरांचा आकार, आवाज हा ओटीवरचा कारभार. तेथें कोणीही हात लावावा. माजघरांत रजिस्ट्री नांवाचें एक मोठें दप्तर असतें. रजिस्ट्री म्हटली कीं पालघरच्या माणसाला आधीं जागेचा दस्त आणि मुद्रांकाचा खर्च आठवेल. ही रजिस्ट्री फुकट आहे, पण येथेंही खाडाखोड महागांत पडते. पूर्वीं निरनिराळे कार्यक्रम आपापल्या आवडीनिवडी साध्या मजकुराच्या सुट्या फायलींत लिहून ठेवीत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्यें या दप्तराचा लहानसा आरंभ झाला, आणि १९९५ च्या विंडोज ९५ पासून बहुतेक नोंदी त्यांत एकवटल्या. सोय झाली, परंतु सगळ्यांचा हिशेब एका वहींत आल्यामुळें एका चुकीनें सगळ्यांचा हिशेब बिघडण्याचीही सोय झाली.

दप्तरांत शिरणें कठीण नाहीं. ‘रन’च्या चौकटींत ‘रेजएडिट’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला कीं दार उघडतें. आंत एक प्रसिद्ध नोंद आहे: मेनूवर बाण नेल्यापासून पोटमेनू उघडेपर्यंत किती थांबावें याची. तेथें मुळांत ४०० हा आंकडा असतो, म्हणजे सेकंदाचे ४०० सहस्रांश. त्या जागीं १०० लिहून यंत्र पुन्हां चालू केलें, कीं तें एकाएकीं तरतरीत भासूं लागतें. केवळ भासतें, यंत्राचा वेग तसूभरही वाढलेला नसतो, फक्त थांबणें कमी झालेलें असतें. वेगाच्या नांवाखालीं सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक युक्त्या याच जातीच्या, किंवा याहूनही पोकळ. त्यांपेक्षां जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविल्यानें कितीतरी अधिक गुण येतो.

तथापि या लपलेल्या कळांना निव्वळ रिकामपणाचा उद्योग म्हणणें अन्यायाचें होईल. २००१ च्या विंडोज एक्सपीवर मराठी हीच एक लपलेली कळ होती! भाषांच्या पानावर जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या शब्दांपुढें खूण करावी लागे, आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. खूण नसली तर युनिकोडांतील मराठी मजकुराची ह्रस्व वेलांटी अक्षराच्या उलट बाजूस जाऊन बसे आणि जोडाक्षरें सुटीं पडत. सीडी हरवली असली तर मातृभाषेचें पान नीट वाचणें दुरापास्त. २००७ च्या व्हिस्टापासून ती खूण करावी लागत नाहीं. तोंवर ज्यानें कोणी माजघरांत शिरून ती केली, त्याच्या घरांत मराठी आली.

आतां धोक्याविषयीं. या दप्तराला ‘जतन करा’ अशी कळ नाहीं, आणि ‘मागें घ्या’ अशीही नाहीं. आंकडा लिहिला कीं तो बसला. म्हणून आधीं त्या कप्प्याची प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून तारखेच्या नांवानें ठेवावी. या प्रतीची एक खोड आहे: ती परत भरली असतां जुने आंकडे पूर्ववत् होतात, मात्र मधल्या काळांत नव्यानें घातलेली नोंद तशीच राहते, ती हातानेंच काढावी लागते. ‘सिस्टिम रिस्टोअर’ची सोय पुष्कळ यंत्रांवर बंदच असते. विंडोज या दप्तराची एक प्रत पूर्वीं आपणहून काढून ठेवीत असे. ती चालही विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून थांबली. आंतरजालावरून आणलेली ‘रेग’ फाईल तर दोन टिचक्यांत शेंकडों नोंदी बदलूं शकते. टिचकी मारण्याआधीं ती नोटपॅडमध्यें उघडून वाचतां येते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

बोईसरच्या एखाद्या घराची कल्पना करावी. यंत्र एकच, लेकीचा कॉलेजचा प्रबंध, आईचा भिशीचा हिशेब, गेलेल्या आजोबांचीं छायाचित्रें, सर्व त्यांतच. रात्रीं अकराच्या सुमारास वडिलांनीं चार नोंदी एकदम बदलल्या, आणि सकाळीं पडदा काळा. घाबरून यंत्र दुरुस्तीला धाडलें जातें, दुरुस्तीवाला डिस्क पुसून विंडोज नव्यानें भरतो, आणि आजोबा दुसऱ्यांदां जातात. वास्तविक दप्तर बिघडल्यानें छायाचित्रें पुसलीं जात नाहींत. तीं जागच्या जागीं असतात. ‘आधीं आमचें सामान काढून द्या, मग पुसा’ एवढें सांगितलें असतें, तर डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून तीं काढून घेतां आलीं असतीं. नव्या यंत्रांतील डिस्क मात्र पुष्कळदां कुलूपबंद असते व तिला ४८ आंकड्यांची किल्ली लागते. ती यंत्र चालू असतांनाच शोधून उतरवून ठेवलेली बरी.

नोंदवही कागदाचीच हवी, कारण ज्या रात्रीं तिची गरज पडते त्या रात्रीं संगणक उघडत नाहीं. शाळेची जुनी वही पुरते: तारीख, कप्प्याचें नांव, जुना आंकडा, नवा आंकडा. एका वेळीं एकच बदल, मग यंत्र बंद करून पुन्हां चालू, आणि दोन दिवस नेहमींचा वापर. ४८ आंकड्यांची ती किल्ली मात्र या वहींत नको. ती जागेच्या दस्ताबरोबर कपाटांत ठेवावी.