समोयलोव्हा धावते तेव्हा

‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ची गोष्ट इथं बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. बोरिस युद्धावर जातो, व्हेरोनिका मागे राहते. तेव्हा गोष्ट बाजूला ठेवू. मिखाईल कालातोझोव्ह यांच्या या १९५७च्या चित्रपटाचं नाव निघालं की कौतुक होतं ते छायालेखक सर्गेई उरुसेव्स्की यांच्या कॅमेऱ्याचं. कॅमेरा थोर आहेच. पण त्या कॅमेऱ्याला पळवलं व्हेरोनिका झालेल्या तात्याना समोयलोव्हाच्या पायांनी, आणि तिच्या वाट्याचं श्रेय तिला मिळालेलं नाही.

जन्म १९३४चा, लेनिनग्राडचा. वडील येव्हगेनी समोयलोव्ह मोठे नट, हे सांगायला नको. पण ती आधी बॅले शिकली होती, याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

निरोपाचा प्रसंग घ्या. वाटेत बस अडकते. व्हेरोनिका खाली उतरते आणि गर्दीत घुसते. कॅमेरा आधी बसमध्ये तिच्या चेहऱ्याला खेटून, मग हातात धरलेला, तिच्या मागोमाग रस्त्यावर; आणि कुठंही कट न घेता क्रेनवरून वर जातो. खाली रणगाड्यांची रांग. त्यांच्या मधून, धुरळ्यातून ती पलीकडे धावते. पुढं बोरिसपर्यंत पोचता येत नाही, म्हणून गर्दीवरून बिस्किटांचा पुडा फेकते. पुडा फुटतो, बिस्किटं कूच करणाऱ्या बुटांखाली चिरडली जातात. या सगळ्यात तिला संवाद किती? जवळजवळ नाहीच. जे कळतं ते तिच्या धावण्यातून.

मागून विचारणा होते आहे, की क्रेनसुद्धा तिनंच चालवली का! हसा जरूर, पण उत्तरही ऐका. अलेक्सांद्र झारखी यांचा १९६७चा ‘अ‍ॅना कॅरेनिना’ पाहा; अ‍ॅना आहे समोयलोव्हाच. तिथं उरुसेव्स्की नाहीत, धावायला मोकळा रस्ता नाही, अंगावर घोळदार पोशाख. व्रॉन्स्कीच्या भूमिकेत वासिली लानोवोय, तिचा घटस्फोटित नवरा. बेट्सी झाली आहे साक्षात माया प्लिसेत्स्काया, आणि संगीत तिच्या नवऱ्याचं, रोदिओन श्चेद्रिन यांचं. याच कादंबरीवर त्यांनी पुढं बॅले रचला, १९७२मध्ये बोल्शोयमध्ये प्लिसेत्स्काया त्यात अ‍ॅना म्हणून नाचली. तर अशा नर्तकीशेजारी समोयलोव्हा नुसती उभी राहते आणि नजर तिच्यावरून हलत नाही. हे कुठल्या क्रेनचं काम?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. मग कान महोत्सवाचं थोडक्यात: १९५८मध्ये चित्रपटाला ‘पाम दोर’, तिला परीक्षकांचा विशेष उल्लेख. ‘अ‍ॅना’नंतर मोठ्या भूमिका जवळपास आटल्या. ‘रशियाची लोककलावंत’ हा किताब १९९३मध्ये मिळाला, मृत्यू २०१४मध्ये, ऐंशीव्या वाढदिवशी.

एक प्रसंग मात्र वेळ मोडून सांगायलाच हवा. ‘क्रेन्स’मध्ये व्हेरोनिका जीव द्यायला रेल्वेच्या पुलाकडे धावते, आणि वाटेत मोटारीखाली सापडू पाहणाऱ्या पोराला उचलते. ‘अ‍ॅना’ पुन्हा पाहाल तेव्हा शेवटच्या रेल्वे स्टेशनाआधी हा तुकडा जरूर बघा. एकाच नटीची दोन चालणी आहेत ती.