चोरी एकाची, झळ अनेकांना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एका ख्रिस्ती माणसाने आपल्यापुढे येऊन चोरीविषयी आपल्या धर्माची शिकवण सांगावी, ही सूचना आपल्या चिटणीसांची. चोरी वाईट, हे सांगण्यासाठी पाहुणा बोलावण्याची गरज नाही. ते आपल्या घरातले लहान मूलही जाणते. परंतु चोरीचे नुकसान मोजायचे कसे आणि भरून काढायचे कसे, याचा आमच्या धर्मग्रंथात जो विचार आहे, तो आपल्यापुढे ठेवतो.

मोशेला, म्हणजे आपण ज्यांना हजरत मूसा म्हणता त्यांना, देवाने दहा आज्ञा दिल्या. त्यांत चोरीची मनाई आहे. कॅथलिक लोक तिला सातवी आज्ञा म्हणतात, बहुतेक प्रॉटेस्टंट आठवी म्हणतात; फरक क्रमांकात आहे, आज्ञेत नाही. त्याच ग्रंथात पुढे एक नियम आहे. मेंढरू चोरून कापले किंवा विकले, तर एकाबद्दल चार मेंढरे भरून द्यावीत. बैल असेल तर एकाबद्दल पाच गुरे. हा फरक का? एका प्राचीन यहुदी पंडिताने याचे उत्तर दिले आहे : बैल हा कष्टाचा प्राणी, तो नेला म्हणजे मालकाचे कामही बुडवले. शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. ऐन पेरणीत बैल गेला, तर जनावराची किंमत तर जातेच, पण वर्षाचे पीकही जाते. म्हणजे चोराने काय नेले एवढेच पाहून भागत नाही. ज्याचे गेले त्याचे काय काय गेले, हे पाहावे लागते.

आता नव्या करारातील एक गोष्ट. यरीहो शहरात जक्कय नावाचा मुख्य जकातदार होता. त्या काळचे जकातदार रोमन सत्तेसाठी कर वसूल करीत आणि पुष्कळदा ठरल्यापेक्षा जास्त उकळीत. जक्कय श्रीमंत होता, पण गावात त्याला मान नव्हता. येशू, म्हणजे आपले हजरत ईसा, त्या वाटेने जाणार म्हणून हा बुटका माणूस गर्दीच्या पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढला. येशूंनी त्याला हाक मारून खाली बोलावले आणि त्याच्याच घरी उतरले. लोक कुरकुरले. पण जक्कयाने तेथे उभे राहून सांगितले की, माझी निम्मी मालमत्ता मी गरिबांना देतो, आणि ज्यांना फसवून घेतले त्यांना चौपट परत करतो. पश्चात्ताप म्हणजे नुसते डोळ्यांतले पाणी नव्हे. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात एका पत्रात हेच बजावले आहे : परत करणे शक्य असताना जो लुबाडलेली वस्तू परत करीत नाही, त्याचा पश्चात्ताप खरा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही कोणाचा बैल चोरला? खरे आहे. पण परीक्षेत कॉपी करणारा असेच म्हणतो की, मी कोणाच्या खिशात हात घातला? जागा ठराविक असतात, मित्रांनो. कॉपीच्या गुणांवर एकजण आत गेला, की रात्र-रात्र जागून अभ्यास केलेला दुसरा कोणी बाहेर राहतो. त्याचे नावही आपल्याला कधी कळत नाही. ५ मे २०२४ रोजी झालेल्या नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. देशभर ती फुटल्याचा पुरावा नसल्याने फेरपरीक्षा मात्र नाकारली. तो निर्णय २३ जुलैला आला. तोवर लाखो प्रामाणिक मुले, आपले गुण खरे धरले जातील की नाही, या घोरात होती. मूठभरांनी चोरी केली आणि संशय सर्वांच्या वाट्याला आला.

पालकांनाही एक विनंती आहे, ती हात जोडून करतो. वडिलांच्या पश्चात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आमच्या समाजातही आहे. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते आणि आपण म्हणतो, तिने राजीखुशीने दिले. आमच्या जुन्या करारात सलाफहादाच्या मुलींनी वडिलांचा वाटा मागितला, तेव्हा त्यांची मागणी रास्त आहे, असा देवाचा निवाडा झाला. आपल्या कुराणात तर मुलीचा हिस्सा नेमूनच दिलेला आहे. दडपणाखाली घेतलेल्या सहीला कायदा काय म्हणेल ते म्हणो, देवाच्या दरबारात तिला दुसरे नाव आहे.

शेवटी संत पौलाचे सांगणे. इफिस येथील मंडळीला लिहिताना ते म्हणतात की, चोराने चोरी सोडावी आणि आपल्या हातांनी कष्ट करावेत. कशासाठी? स्वतःचे पोट भरण्यापुरतेच नव्हे, तर गरजवंताला देण्यासाठी काहीतरी आपल्यापाशी असावे म्हणून. म्हणजे चोरी थांबली एवढ्याने काम पुरे होत नाही. जो हात घेत होता तो देऊ लागला, म्हणजे माणूस सुधारला.

देणाऱ्या हातांवरच शिक्षणसंस्था उभ्या राहतात. कोणी जमीन देतो, कोणी वर्गणी, कोणी आपला वेळ. त्यांनी दिलेल्या बाकावर बसून प्रामाणिकपणे मिळवलेले पस्तीस गुण, चोरून मिळवलेल्या नव्वदांपेक्षा घरी अभिमानाने दाखवावेत, आणि पालकांनीही ते आनंदाने पाहावेत, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.