रोपाचं माध्यम आणि पेटंटचा हक्क

बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालन्याचं बियाणं देशभर पोचलं. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यात नवं काही शोधणाऱ्यानं पेटंटचा कायदा जाणून घ्यायलाच हवा.

1970 च्या भारतीय पेटंट कायद्यातल्या कलम 3 प्रमाणे बियाणं, वाण आणि शेतीची पद्धत यांवर पेटंट मिळत नाही. नव्या वाणांसाठी 2001 चा वेगळा कायदा आहे. घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क तो जपतो.

आता रोपवाटिकेतला ट्रे पाहा. त्यात माती नाही, कोकोपीट आणि परलाइटचं मिश्रण असतं. कोकोपीट ओल धरतं, परलाइट मुळांशी हवा खेळती ठेवतं. माहितीतले घटक नुसते एकत्र केले, तर पेटंट नाही. पण मिश्रणातून वेगळा, अनपेक्षित गुण दिसला आणि तो प्रयोगानं सिद्ध झाला, तर दार उघडतं. शेतीबाहेरचं उदाहरण घ्यायचं, तर क्लाउडवरची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या शोधाचंही तसंच. निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही, खऱ्या तांत्रिक सुधारणेला मिळू शकतं.

पेटंटची मुदत अर्जापासून 20 वर्षं. जालनेकरांचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. शोध अपुरा असेल, तर आधी तात्पुरता अर्ज करा आणि 12 महिन्यांत पूर्ण तपशील द्या. मात्र अर्जाआधी शोध जगजाहीर करू नका. प्रयोगाच्या नोंदी तारखेनिशी ठेवा, आणि आजच सुरुवात करा.